चारशे बारातून एक वजा

फर्गस फॉल्स, मिनेसोटा
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आर्लन,

तुझं पत्र पोचलं, सोबतचा तो चादरीएवढा तक्ताही पोचला. आम्ही दोघं ठीक आहोत. गस सकाळपासून नाव तळ्याबाहेर ओढतोय. पाठ धरलीय, पण ऐकेल तर शपथ. तुमच्याकडचे बीट काढून झाले का?

आता तक्त्याकडे वळते. एकवीस वर्षं मी शाळेत समुपदेशकाच्या ऑफिसात बसते. कॉलेजं दरवर्षी आपले आकडे जाहीर करतात, ते अर्ज करण्याआधी बघा, म्हणून मीच आईबापांच्या मागे लागते. तुझ्याही लागले, चूक झाली. एका कॉलेजात शंभरातल्या अठरा जणांना प्रवेश मिळतो, म्हणून सोलवेगच्या नावापुढे ‘संधी १८ टक्के’? पोरगी काय सोडतीत बसलीय? तिचे गुण, तिचे विषय, काहीच नाही? तेवीस कॉलेजांना हिरवे, पिवळे, लाल रंग फासलेस, आणि तिला शिकायचंय काय, याला एक रकाना सापडला नाही तुला!

आणि तेवीसच का? मी दोनदा शोधलं. लिंडाल कॉलेज कुठेच नाही. पत्राच्या शेवटच्या पानावर मात्र बारीक अक्षरात विनंती आहे: ‘सोलवेगने विचारलं तर तिथले आकडे बरे नाहीत असं तूच सांग. तुझं ती ऐकेल.’

तिने विचारलं. रविवारी फोन आला होता.

“लोर्ना आत्या, तळ्यांचा अभ्यास तिथे सगळ्यात चांगला आहे. पण लिंडालचं नाव काढलं की बाबा उठून गॅरेजमध्ये जातात. माझं काही चुकलं का?”

“तुझं काही नाही गं,” मी म्हटलं, “तुझा बाप सहा वर्षांचा होता तेव्हापासून असाच गॅरेजमध्ये जातोय.”

ती हसली, मग रडली. एक नोव्हेंबरला अर्जाची मुदत संपते आणि पोरीला वाटतंय तिने काहीतरी पाप केलंय. मला इतका राग आलाय तुझा!

तिथले आकडे चांगले आहेत. मला ठाऊक आहे, मी दरवर्षी बघते. का बघते ते कोणाला सांगितलेलं नाही, गसलाही नाही.

२०१७ साली तिथे चारशे बारा मुलं दाखल झाली. सहा वर्षांत किती जणांनी पदवी घेतली, ते कॉलेज दरवर्षी आकड्यांचा जो फॉर्म जाहीर करतं त्यात असतं. पण त्याच्या आधी एक ओळ येते: मृत, कायमचे अपंग, सैन्यात किंवा धर्मसेवेत गेलेले, एवढे वजा करा. त्या ओळीपुढे लिंडालने ‘१’ लिहिलाय. मी कॉलेजला फोन केला. बाई सभ्य होती. म्हणाली, “नियमच आहे तसा. वजा केलं की टक्केवारी बिघडत नाही.”

बिघडत नाही म्हणे!

तो एक म्हणजे निल्स आहे, आर्लन. फेब्रुवारीत घरी येताना बर्फावरून गाडी घसरली तो माझा निल्स. तेव्हा तुम्ही सगळे आलात, ओट्यावर लोकांनी जेवायला आणलेल्या हॉटडिशची अकरा भांडी झाली, पण तेव्हापासून माझ्यासमोर त्याचं नाव कोणी घेतलेलं नाही. तूसुद्धा नाही. मला त्रास होईल म्हणून! त्रास याचाच होतो. साडेपाच वर्षं झाली, माझ्या मुलाची आठवण ठेवणारा तो फॉर्म एकटाच उरलाय, आणि तोही त्याला वजा करायला.

तिथे तो खूश होता. शेवटच्या फोनवर तळ्यातल्या कसल्याशा किड्यांबद्दल अर्धा तास बोलला. मी म्हटलं, पुरे, शनिवारी येतोच आहेस. हे सोलवेगला सांगायचंय मला. तू सांगू देणार आहेस की परत गॅरेजमध्ये जाणार आहेस?

तिला अर्ज करू दे. तक्त्यात लिंडालची ओळ घाल. पदवी घेतलेले तीनशे सत्तेचाळीस. मात्र त्यांना चारशे अकराने भागू नकोस. चारशे बाराने भाग. चौऱ्याऐंशी पूर्णांक चारचे चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन होतील. होऊ देत.

तुझी ताई आणि
निल्सची आई,
लोर्ना