ब्रह्मचाऱ्याचे नातेवाईक

तीर्थरूप आत्यास,

इथूनच वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढं गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? कानाचं यंत्र लावतेस की अजून डबीतच जपून ठेवलंयस? फोनवर तू सगळ्याला हो म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून म्हटलं आपलं पत्रच बरं. तुझं पत्र पोचलं. वृद्धाश्रमातली खोली हवेशीर आहे, महिनाअखेर होकार कळवायचा आहे आणि मी अजिबात काळजी करू नये, असं तू लिहिलंयस. ठीक आहे, नाही करत. त्यावर शेवटी सावकाश लिहितो. आधी माझी फजिती ऐक, कारण तिच्यात सगळा दोष तुझा आहे.

मी दिवसभर नक्की करतो काय, असं तू दरवेळी विचारतेस आणि मी दरवेळी 'संशोधन' म्हणून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो. आपल्या शरीरातली एकेक पेशी म्हणजे भरलेलं घर. तिच्यात हजारो प्रथिनं नांदतात, आणि कुठलं प्रथिन कसं घडवायचं ते जनुकांत लिहून ठेवलेलं असतं. पण त्यातलं कोणीही एकट्याने फारसं काही करत नाही. याने त्याला धरायचं, त्याने तिसऱ्याला हलवायचं, तेव्हा कुठे काम पुढे सरकतं. कोण कोणाला धरतं त्याचा नकाशा काढणं हा आमचा धंदा. प्रत्येक प्रथिनाचा एक ठिपका, आणि ओळख असेल तिथे रेघ. (लग्नं जमवणाऱ्या बायका हेच काम चहाच्या एका कपावर करतात, आम्हाला तळमजला भरून यंत्रं लागतात.) तर माझ्या वाट्याला जो ठिपका आला त्याला एकही रेघ नव्हती. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं नि आकडे, म्हणून मी लाडाने त्याला ब्रह्मचारी म्हणायला लागलो. पंधरवड्यात सगळी प्रयोगशाळा मलाच ब्रह्मचारी म्हणायला लागली. मी ते हसण्यावारी नेलं.

नातेवाईक शोधायची रीत मासे धरण्यासारखी आहे. ब्रह्मचाऱ्याला आमिष म्हणून बारीक मण्यांना अडकवायचं, पेशींच्या रसात सोडायचं आणि वर काढायचं. त्याला धरून जे वर येतील ते त्याचे. मात्र उगाच चिकटून येणारी फुकटी मंडळीही असतात (ती कुठे नसतात?), म्हणून मणी धुवायचे आणि उरलेला ऐवज काटेवाल्यांकडे द्यायचा. काटेवाले म्हणजे तळमजल्यावरचे गृहस्थ. त्यांचं यंत्र प्रथिनांचे तुकडे तोलतं आणि ते कोणाचे ते सांगतं. त्यांचा निरोप दर खेपेला तोच, की तुमचा माणूस याही वेळी एकटाच आलाय. हे ते ज्या सुरात सांगत तो मला मुळीच आवडत नसे.

शेवटी आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, बिनरेघेचा ठिपका नकाशात नुसती अडगळ आहे, काढून टाकू. आता रिवाज तसाच आहे, छापताना सुटे ठिपके काढतातच. पण माझं डोकं फिरलं. भर बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, याचं जनुक बंद केलं की पेशी मान टाकते, हे आपणच पाहिलंय. ज्याच्यावाचून घर चालत नाही त्याला घरात कोणी नाही, असं कसं होईल? चारचौघांत मिसळत नसेल तो, म्हणून काय त्याला फोटोतून कापायचं? बोलता बोलता आवाज चढला, आणि आत्या, शेवटी शेवटी भरूनही आला. सगळे माझ्याकडे बघत होते, मग सगळे टेबलाकडे बघायला लागले. बाईंनी पाण्याचा ग्लास हळूच पुढे सरकवला आणि एक शेवटची खेप मंजूर केली.

आणि नेमकी कंबर धरली. (पराक्रम काही नाही, खुर्चीतून उठत होतो.) मणी धुणं उभ्याने करायचं काम, तेव्हा ते शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे गेलं. तिला सगळे वादळ म्हणतात. तिचा चहाचा कप आठवडाभर बेसिनमध्ये पडलेला असतो, त्यावरून आमची किती वेळा जुंपली असेल याला गणती नाही. असल्या मुलीच्या हाती ब्रह्मचारी द्यायचा म्हणजे जिवावर आलं होतं, पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. (हे तिला कळता कामा नये.) तिने गाणं गुणगुणत मणी दोनदा हलकेच विसळले आणि खाली पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी काटेवाले स्वतः जिना चढून वर आले. ब्रह्मचाऱ्याबरोबर चौघं आले होते! मी म्हटलं, घाण आहे, धड धुतलं नाही हिने. मग नुसते रिकामे मणी बुडवून तसेच धुऊन पाहिले, तर त्यांच्यावर चौघांपैकी एकही नाही. पुन्हा ब्रह्मचारी सोडला, पुन्हा तेच चौघं. तेव्हा वादळाने मला धुऊन दाखवायला लावलं. मी कण्हत उभा राहिलो आणि नेहमीसारखी सहा-सात पाणी घातली, दर पाण्याला मण्यांची नळी कचकचून हलवून. तिने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही त्याचे नातेवाईक धुऊन काढताय!"

कृतीत दोनच पाणी लिहिली होती गं. पण दोन पाण्यांत कधी काही स्वच्छ होतं का? भांडं उजेडात धरून बघायचं, कण दिसला की परत पहिल्यापासून, हे तू माझ्या हाडीमाशी मुरवलंस. आई गेल्यावर तुझ्याकडे राहायला आलो तेव्हापासून माझ्या हातची एक वाटी कधी तेलकट राहिली नाही. बाई समजावत होत्या, की काही प्रथिनं घट्ट धरतच नाहीत, जरा धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि तेवढ्यावर पेशी जगते. एवढं पाणी त्यांना सोसत नाही. मग त्यांनी नकाशावर चार रेघा ओढल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आलो तर जिन्यात समोरच्या दारातले म्हातारे शिंपी भेटले. काय, कसं काय, म्हणाले. मी 'ठीक' म्हणून दार लावून घेतलं, रोज घेतो तसं. वादळ निघताना चहाला चल म्हणाली होती, तिला म्हटलं, आत्ताच झाला. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक कप, सगळं लख्ख. पुसायलासुद्धा काही उरलं नव्हतं. मग तिथेच स्टुलावर बसून राहिलो. वाईट वाटलं, आत्या. फार वाईट वाटलं.

असो. तब्येतीला जप, जिन्यावरून सांभाळून उतर, आणि माझी चौकशी करणारं कोणी भेटलंच तर त्याला माझा नमस्कार सांग.

तुझा, भांडी घासण्यात वाया गेलेला,
भाचा

ता. क. आता मुद्द्याचं. वृद्धाश्रमाला होकार कळवू नकोस. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, खिडकीपाशी पलंग टाकून ठेवलाय. हवा इथेही येते.

आणखी ता. क. हे वाचून तू म्हणशील, पोरगं माझ्या काळजीपोटी बोलावतंय, आणि लगेच लिहिशील की मी मजेत आहे. अगं, तुझी कसली काळजी? तुला कुठेही नेऊन बसवली तरी संध्याकाळपर्यंत दहा माणसं गोळा करशील, त्या आश्रमात तर आठवड्यात सगळ्यांवर हुकूम सोडायला लागशील. मला इथे फार एकटं वाटतं, म्हणून ये.

शेवटचा ता. क. आज सकाळचा चहाचा कप मी बेसिनमध्ये तसाच टाकलाय. तळाशी साखर वाळलीय, मुंग्याही आल्यात. तू येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. बघतोच, तुला तिथे किती दिवस झोप लागते ते.