निळा कोट

९ मे २०२१, रविवार
सकाळी साडेसातला चौसाळ्याहून निघालो. भाजीच्या टेंपोत पुढे बसायला मिळालं. दहाच्या सुमारास माजलगावला पोहोचलो. आईला जाऊन आज बारा दिवस झाले. घरात नुसतं बसून राहण्यापेक्षा कामाला लाग, असं ताईच म्हणाली. आल्यावर बरं वाटलं.
मालक भगवानराव यांचा फोटो स्टुडिओ मोंढ्याच्या बाजारामागच्या गल्लीत आहे. पुढे कॅमेरा, मागे संगणक, खाट आणि मोरी. कूलर आहे. दुकानं उघडायला बंदी आहे, म्हणून मालक मला आत ठेवून शटर ओढतात आणि बाहेरून दोन्ही कुलपं लावतात. पोलिसांना दुकान बंद दिसतं. सकाळी डबा द्यायला आणि संध्याकाळी अर्धा तास ते उघडतात. मधे गिऱ्हाईक आलं की मालक बाहेरून शटर वाजवतात, मी न बोलता तयार फोटो शटरखालच्या फटीतून सरकवायचा. फोटो जातो, बोटं जात नाहीत.
माझ्याकडे मोबाईल नाही. बीडला कोविड वॉर्डात नेताना माझाच मोबाईल आईजवळ दिला होता. ती गेल्यावर तो परत मिळाला नाही, कोणीतरी चोरला. मी खिडकीखाली उभा राहून हात हलवायचो. ती काचेतून खुणेने सांगायची, कॉलर नीट कर. माझी कॉलर मागून दुमडते, लहानपणापासून.

११ मे
काम शिकलो. लोक गेलेल्या माणसाचा फोटो मालकांच्या मोबाईलवर पाठवतात. आधार कार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या गर्दीतला. मोबाईल नेटवरून संगणकाला जोडलेला आहे, म्हणून तो इथेही दिसतो. मी चेहरा कापून तयार अंगावर बसवतो. पुरुषांना निळा कोट, बायकांना हिरव्या काठाची साडी. कोट खरा आहे, पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला टांगलेला असतो. मालकांच्या लग्नातला.
मालक म्हणाले, "साऱ्या तालुक्याला म्याच सूट घातलाय बे. जित्तेपणी कुणाला मिळाला न्हाई, आता फुकटात." पुष्कळ दिवसांनी हसलो.
आईचाही फोटो करायचा आहे. घरी हार घालायला एकही नाही. आधारवर तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत. दुसऱ्या बायकांचे डोळे लावून पाहिले, ती दुसरीच बाई होते. सत्तावीस तारखेला महिना होईल. ताईला तोवर फोटो हवा आहे.

१४ मे
दुपारी एक काम आलं. पाठवणारा नंबर पाहून थांबलो. माझाच नंबर. एका म्हाताऱ्याचा हसरा फोटो, खाली दोन शब्द : निळा कोट.
मालकांनी लगेच फोन लावला. बंद. म्हणाले, चोराच्या घरी कुणी गेलं असंल, आपलं काम करून मोकळं हो. मी केलं.
संध्याकाळी चहावाले सटवामामा थर्मास घेऊन मालकांबरोबर आले, तर फोटो त्यांचाच. मालक पोट धरून हसले. सटवामामांनी फोटो उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "लई झाक दिसतोय की मी. असाच घरी टांगतो, बायको तरी जपून बोलंल." चष्मा नसता तर आणखी शोभलो असतो, असंही म्हणाले. फोटो इथेच ठेवून गेले, उद्या नेतो म्हणून.

१८ मे
सटवामामा गेले. चार दिवसांत. त्यांची सून सुनीता हिचा निरोप आला, चांगला फोटो करून द्या. तो तयारच होता. मी फटीतून सरकवला, मालकांनी बाहेर तिच्या हातात दिला. तिने त्यांना विचारलं, हा तुम्ही कधी केला. ते म्हणाले, आत्ताच की.

१९ मे
पुन्हा माझा नंबर. मालकांचा फोटो. निळा कोट.
मालकांनी तो स्वतःच्या मोबाईलवर आधीच पाहिला होता. म्हणाले, "चोराला सांग, टक्कल तेवढं झाक म्हनावं." पण आज हसताना खोकत होते. मी तो फोटो केला नाही. करणार नाही.

२१ मे
सकाळी मालकांनी शटर उघडलं नाही. बाहेरूनच बोलले. ताप आहे, तपासणीला जातो, कोपऱ्यावर पोलीस आहेत, संध्याकाळी उघडतो. मी म्हणालो, किल्ली कोणाकडे तरी द्या. म्हणाले, तू आत हाईस हे ठाऊक कुणाला हाय, सटवाला होतं.
किल्ली त्यांच्याच खिशात आहे. संध्याकाळी आले नाहीत. उद्या दुपारपर्यंत वाट बघतो, मग संगणकावरून कोणाला तरी कळवतो.

२२ मे
दुपारच्या वादळात नेटची वायर तुटली. पडद्यावर लिहून आलं, फोन जोडलेला नाही. आता कोणाला कळवता येत नाही.
पत्रे ठोकल्याचा आवाज आला. गल्ली बंद केली असावी. हाका मारल्या. शटर वाजवलं. कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

२४ मे
फ्रेम कापायच्या पट्टीने कुलपाकडची बाजू उचकटून पाहिली. पट्टी मोडली. नखं —
उरलेला पाव संपला. जारमध्ये चार बोटं पाणी. मोरीचा नळ कोरडा.
मालकांचा फोटो मी केलेला नाही. तरी प्रिंटरच्या तबकात आहे. कोट नीट बसलेला.

२६ मे
नेट नाही. फोन जोडलेला नाही. तरी आलं. माझा नंबर.
फोटोत मी आहे. वॉर्डाच्या खिडकीतून काढलेला. खाली लिंबाजवळ उभा, हात वर. खाली तेच दोन शब्द.
फोटो बंद केला. पुन्हा उघडा आहे —

२७ मे
महिना झाला.
फोटो मोठा करून पाहिला. काचेत तिचं प्रतिबिंब आहे. पुसट, पण पूर्ण. डोळे उघडे. माझ्याकडे बघून हसते आहे.
सकाळभर तेच काम केलं. साडी तिचीच ठेवली. कोणाचे डोळे लावले नाहीत. आई झाली. आईच.
मागे ताईचं नाव आणि चौसाळा लिहून फटीतून बाहेर सरकवला. कोणीतरी उचलेल. पाणी संपलं.

२७, दुपार
माझ्या फोटोचं काम राहिलं आहे. संगणकावर कोट लावला की गळ्याशी खोटा दिसतो. खरा घातलेला बरा. खुंटीवरून काढला. झटकला. बाह्या लांब आहेत. खालची दोन बटणं लागली. वरचं एका हाताने लागत नाही, वही ठेवावी लागेल. कॉलर मागून दुमडली आहे, ती माझ्या हाताने कधीच नीट —