खांबावरचा डबा

६ मार्च १९९४, रविवार, सकाळी ९
आज बीदरहून व्याह्यांनी, मुकुंदरावांनी, माझ्या आवाजाला 'तीन-तीन' दिले. पूर्ण मार्क म्हणजे पाच-नऊ. व्याह्यांनी तीन-तीन देणं हा अपमान आहे. हॅम रेडिओवरची, म्हणजे हौशी बिनतारी संचावरची ओळख, त्यातूनच आमच्या मुलीचं, प्रणिताचं, लग्न जमलं, आणि आता माझाच आवाज त्यांना पोचत नाही!

दोष माझा नाही, केबलचा. सेट खोलीत, ॲन्टेना गच्चीवरच्या टाकीवर. मधली केबल निम्मी पॉवर खाते. उपाय साधा: आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर घरात ठेवायचाच नाही, थेट ॲन्टेनाच्या खांबावर चढवायचा. आमच्या बरकतपुऱ्यात हे कोणाला सुचलेलं नाही.

टेलिफोन खात्याचं पत्र आलं. नव्या एक्सचेंजमुळे म्हणे नऊ वर्षं अडकलेला आमचा नंबर लागला. बायको, चारुलता, नाचायचीच बाकी होती. म्हटलं, घरात रेडिओ असताना फोन कशाला? प्रणिताला पहिल्या बाळंतपणाला कधी आणायचं, तो दिवस मुकुंदराव रेडिओवर कळवणारच आहेत. यावर ती पत्र घेऊन आत गेली. पटलं असावं.

९ मार्च, बुधवार
बेगम बाजार. झाकणाला रबर असलेला स्टीलचा डबा घेतला. दुकानदार म्हणाला, "साब, इसमें तो अचार डालते." मी म्हटलं, आम्ही आवाज घालतो. त्याने पोऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला. अज्ञान.

१३ मार्च, रविवार
खालच्या मजल्यावरच्या अविनाशकडून शिडी आणली. डबा खांबावर चढला. पाणी शिरू नये म्हणून झाकण चहूबाजूंनी, खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून कायमचं बंद केलं. आता पाऊस येवो की वादळ. चारुलताने विचारलं, उघडायचा झाला तर? चांगली वस्तू उघडावी लागत नाही, असं सांगितलं.

२० मार्च, रविवार
यश! चाळीस मिनिटं बोललो. खोलीतला ॲम्प्लिफायर आणि खांबावरचा ॲम्प्लिफायर, यातला फरक मुकुंदरावांना मुद्देसूद समजावला.

त्यांचं बोलणं मात्र आलं नाही. नुसती खरखर. भारावून गप्प बसले असावेत. तरी शिष्टाचार म्हणून प्रत्येक वेळी "समजलं, समजलं, आभार" म्हणत गेलो. नवा ॲम्प्लिफायर लावून पहिल्याच दिवशी "ऐकू येत नाही" म्हणायचं? शोभलं नसतं. शेवटी ते नेहमी "बीदरला या" म्हणतात, म्हणून मीही "हो हो, येतो, नक्की येतो" म्हणून सांगता केली.

लॉगबुकात त्यांनी मला दिलेला रिपोर्ट लिहावा लागतो. पाच-नऊ लिहिला. दुसरा असणार कुठला?

२२ मार्च, मंगळवार
शंका येते आहे. डब्यात एक रिले आहे. बोलताना तो ॲम्प्लिफायर जोडतो, ऐकताना बाजूला होतो. बाजूला होत नसावा. म्हणजे मी बोलू शकतो, ऐकू शकत नाही. किरकोळ गोष्ट. डबा उघडला की दोन मिनिटांचं काम.

२३ मार्च, बुधवार
डबा उघडत नाही. लांबी दगडासारखी झाली आहे. टाकीवर ऊन इतकं की स्क्रूड्रायव्हर हातात धरवेना. त्यात अविनाशने उगादीच्या सणाआधीच्या रंगकामासाठी खालून शिडी काढून नेली. दीड तास टाकीवर अडकलो. हाका मारल्या. त्याच्या आईने, सावित्रीबाईंनी, वर बघून हात हलवला आणि आत गेल्या. रेडिओची रोजचीच प्रॅक्टिस वाटली असावी.

२७ मार्च, रविवार
पुन्हा खरखर. पुन्हा "समजलं, येतो." आता मध्येच खरं कसं सांगणार? मागच्या रविवारचं काय, असं विचारतील. खोलीत कोंडल्यासारखं वाटतं. चारुलताने विचारलं, दिवस कळवला का? म्हटलं, अजून बोलले नाहीत. तांत्रिकदृष्ट्या खोटं नाही.

ठराव: पुढच्या रविवारआधी छिन्नीने डबा फोडणे.

२ एप्रिल, शनिवार
छिन्नी मिळाली. शिडी नाही.

३ एप्रिल, रविवार, दुपारी १
सावित्रीबाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या फोनवर बीदरहून निरोप होता. प्रणिताला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. दोघी बऱ्या आहेत.

चारुलता खाली फोनवर बोलायला गेली. वर आली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

५ एप्रिल, मंगळवार
आज मी स्वतः फोन केला, सावित्रीबाईंच्याच घरून. मुकुंदराव म्हणाले, "तुमचा शब्दन् शब्द स्वच्छ येत होता हो. शेजारच्या खोलीत बसल्यासारखे." मग आवाज उतरला. "सव्वीसला न्यायला या, असं मी तीनदा सांगितलं. तुम्ही नक्की येतो म्हणालात. सत्तावीसला विचारलं, काल का नाही आलात? तेव्हाही समजलं, येतो. पोरगी बॅग भरून रोज दाराशी बसायची. शेवटी डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलं."

सत्तावीसला प्रणितानेच माईक घेतला होता म्हणे. "बाबा, कधी येताय? ओव्हर." त्यावर मी केबलमध्ये पॉवर किती वाया जाते ते सांगितलं.

१० एप्रिल, रविवार, सकाळी ८:२०
चारुलता काल डिंकाचे लाडू घेऊन बीदरला गेली. मलाही जायचं होतं. पण फोनचा होकार तिनेच भरून दिला होता, आणि जाताना बजावलं: टेलिफोनवाला कधीही येईल, त्याला फोन बसवू दिल्याशिवाय घर सोडायचं नाही. नात आठवड्याची झाली. मी अजून पाहिली नाही.

आठ वाजता सेट लावला. ॲम्प्लिफायरबद्दल काही बोललो नाही. म्हटलं, प्रणिता, मला काहीच ऐकू येत नव्हतं आणि मी सगळं समजलं म्हणत राहिलो. चुकलं माझं. ओव्हर.

मग वीस मिनिटं खरखर ऐकत बसलो. ती काही बोलली असेल. बाळाला माईकजवळ धरलंही असेल.

लॉगबुकात रिपोर्टची जागा रिकामी सोडली आहे. टेलिफोनवाला अजून आलेला नाही.