फेराचे गाणे मी काढले, शिक्षा मला व्हावी

प्रति,
मा. जिल्हाप्रमुख साहेब,
लष्करी प्रशासन, स्तारोमिस्तो.

अर्जदार: तेक्ला बारानेत्स्का, वय वर्षे सत्तावन्न, राहणार मौजे होलुबीची, गालिसिया.

विषय: शिपाई किन्द्रात लोबोदा यांस मुक्त करून त्यांच्या जागी अर्जदारास अटक करणेबाबत.

संदर्भ: अर्जदाराने हवालदारसाहेबांपुढे वेळोवेळी दिलेली तोंडी कबुली, जी लिहून घेण्यात आली नाही.

महोदय,

सविनय सादर करते की, हाच अर्ज मी प्रथम माझ्या भाषेत लिहून आणला होता. आपल्या कारकुनांनी तो न वाचताच परत केला. "अशी भाषाच नाही बाई, ही आमचीच भाषा तुम्ही बिघडवून बोलता," असे ते म्हणाले. म्हणून तो आता सरकारी भाषेत उतरवून घेतला आहे. ज्यांनी उतरवून दिला त्यांचे नाव मी घालत नाही. एवढी समज मला आहे. सही तेवढी माझ्या अक्षरांत आहे.

माझे यजमान ओनुफ्री बारानेत्स्की हे आमच्या चर्चमध्ये मुख्य गायक होते व गावच्या वाचनालयाचा गायकवृंद चालवीत. गेल्या शरदात सरहद्द ओलांडून आपले, झारचे, सैन्य आल्यावर वाचनालयास कुलूप लागले, पुस्तके अंगणात जाळण्यात आली व पुढे तेथे घोडे बांधण्यात आले. नोव्हेंबरात यजमानांना नेले. त्यांचा गुन्हा विचारता हवालदारसाहेब म्हणाले, "लोकांना गायला शिकवतो." मी म्हटले, गाणे तर तुमचेही शिपाई गातात. त्यावर ते म्हणाले, "ते आमच्या भाषेत गातात." यजमानांना कोठे ठेवले आहे ते कोणी सांगत नाही. कोणी सैबेरियातले तोम्स्क म्हणते, कोणी त्याच्याही पलीकडे. जाताना त्यांना कानटोपी घेऊ दिली नाही, एवढेच मला खात्रीने माहीत आहे.

आम्हांस मूलबाळ नाही. चौतीस वर्षांच्या संसारात सकाळी चुलीपाशी ते एक सूर धरीत आणि मी पाणी ओतता ओतता त्यात माझा मिळवी. घरातले निम्मे बोलणे असेच होई. ते गेल्यावर माझा आवाज मला घरात ऐकू येईनासा झाला. शेजारणी समोरून आल्या की वाट बदलतात. त्यांचा दोष नाही. ज्यांच्याकडे माझे येणेजाणे होते त्यांच्याकडे झडती झाली. गाईशी बोलत असे, ती जानेवारीत रसदीसाठी नेली. तिची तक्रार या अर्जात नाही.

म्हणून मी स्वतःहून ठाण्यावर गेले आणि कबुली दिली, की गायकवृंदाची सुरावट मीही उतरवून देत असे, दुसरा आवाज मीच बसवत असे, सबब मी तितकीच गुन्हेगार असून मला यजमान आहेत तेथे पाठवावे. हवालदारसाहेब हसले. "म्हातारे, सैबेरिया म्हणजे काय जत्रा आहे का, नवऱ्यामागं जायला? घरी जा, पीठ मळ." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. जाळण्यातून वाचवलेले एक पुस्तक पदराखाली घेऊन गेले व टेबलावर ठेवले. ते त्यांनी शेगडीत टाकले आणि मला दार दाखवले. महोदय, माझ्या यजमानांना गुन्हा न सांगता नेले आणि मी गुन्हा घेऊन दारात उभी राहिले तर मला कोणी आत घेईना.

याच सुमारास शिपाई लोबोदा यांचा मुक्काम माझ्या घरी लावण्यात आला. चाळिशी उलटलेला माणूस, आपल्या सैन्याच्या सामानाच्या गाड्या हाकणारा, सरहद्दीपलीकडे आपल्याच राज्यातल्या पोल्तावाकडचा. मी ठरवले होते की त्याच्याशी शब्द बोलायचा नाही. पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारले, "काकू, मीठ कुठं ठेवता?" आणि ते माझ्या भाषेत विचारले. उच्चार आमच्याहून थोडे पसरट, पण भाषा तीच. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो म्हणाला, "असं काय बघता? आमच्याकडं आख्खं गाव असंच बोलतं. शाळेत बोललो की मास्तर वाटाण्यांवर गुडघे टेकायला लावायचा. पलटणीत बोललो तर थोबाडीत. म्हणून तुमच्याच घरात बोलून घेतो, चालेल ना?" मी म्हटले, चालेल. तेव्हापासून तो घोड्यांचे करून आला की आम्ही बोलत असू. काय बोलत असू? त्याच्या बायकोचे बीट आंबवणे, माझा गळालेला दात, गावचा बर्फ. राजद्रोहाचे अक्षर नाही. पण माझ्या घरात पुन्हा दोन आवाज होते, हे मी लपवत नाही.

आता ईस्टरचा प्रकार. ईस्टरच्या दुपारी आमच्याकडे चर्चच्या अंगणात मुली फेर धरतात. अर्धा फेर गाण्यात विचारतो, अर्धा उत्तर देतो. यंदा हुकूम निघाला की फेर धरू नये. अंगण मोकळे राहिले. सगळे जण टोपल्या घेऊन खाली मान घालून घरोघर गेले. माझ्या मनात असे आले, की आता तरी मला पकडावेच लागेल. मी एकटीच अंगणाच्या मध्यभागी उभी राहिले आणि गाणे काढले. फेराचे गाणे एकटीने म्हणणे ही किती ओशाळवाणी गोष्ट आहे ते आपणांस कळणार नाही. विचारून झाले की थांबायचे असते. मी थांबले. खिडक्या बंद होत होत्या त्या ऐकू आल्या. मी पुन्हा विचारले व पुन्हा थांबले.

तेव्हा कुंपणाबाहेर गाडीवरून लोबोदा यांनी उत्तर दिले. जाड, बेसूर आवाज, आणि शब्दही आमच्याहून निराळे. पण चाल बरोबर होती. मी हातानेच नको म्हणून खुणावले. त्यांनी ते पाहिले आणि तरीही पुढचे कडवे म्हटले. हवालदारसाहेब धावत आले ते माझ्या अंगावरून पुढे गेले. मला त्यांनी नुसते बाजूला सारले, वाटेतली कोंबडी सारावी तसे. लोबोदा यांना गाडीवरून ओढले, पट्ट्याने तोंडावर मारले व हात बांधून येथे, आपल्या कचेरीमागच्या कोठडीत आणले. मी मागे ओरडत होते, "गाणं मी काढलं! मला धरा!" लोबोदा वळून म्हणाले, "राहू द्या काकू. लहानपणी एवढंच तर येत होतं." आता ऐकते की त्यांना पहिल्या फळीतल्या तुकडीत धाडणार. गाड्या हाकणाऱ्या माणसाला बंदूक नीट धरता येत नाही, हे त्यांनीच मला सांगितले होते.

तरी महोदय, प्रश्न विचारणारी मोकळी आणि उत्तर देणारा कोठडीत, हा न्याय नव्हे. अटक व्हावी ही इच्छा माझी होती, त्यांची नव्हती. त्यांना घरी बायको आहे, जी त्यांची वाट पाहते. शिवाय आपल्याच म्हणण्याप्रमाणे ती भाषा नाही. नसलेल्या भाषेत एखादा माणूस गायला, तर त्याने गुन्हा तरी कशात केला?

माझी विनंती अशी की लोबोदा यांना त्यांच्या घोड्यांकडे परत पाठवावे, व मला यजमानांकडे. दोन्ही मंजूर करणे अशक्य असेल तर पहिली करावी. दुसरीसाठी मी जानेवारीपासून ठाण्याच्या दारात उभी राहत आले, पण आता ती मागे घेते. त्या घरात एकटी राहायला मी तयार आहे. हे लिहून देताना मी पूर्ण शुद्धीवर आहे.

निर्णय टपालाने अगर हवालदारामार्फत पाठवण्याची तसदी घेऊ नये. मी बाहेर पायरीवरच बसलेली आहे.

आपल्या हुकुमाच्या प्रतीक्षेत,
तेक्ला बारानेत्स्का
ईस्टरनंतरचा गुरुवार, सन १९१५

सोबत: लोबोदा यांच्यासाठी एक गाठोडे. त्यात लोकरी पायपट्ट्या (धुतलेल्या), ईस्टरच्या पावाचा अर्धा भाग व लसणाचा गड्डा. पहारेकरी ते आत घेत नाही. अर्ज नामंजूर झाला तरी एवढे त्यांना पोचते करावे, आणि काकूने दिले म्हणून सांगावे, कोणत्याही भाषेत.