आईच्या हातचे बालून

प्रिय आई,

तू गेल्याला आठ महिने झाले. आज सकाळी बाबांनी रेडिओवर तुझ्याबद्दल जे सांगितलं, ते तुला कोणी कळवायचं? म्हणून मीच लिहून राहिली.

मागच्या आठवड्यात बाबांच्या हॅम रेडिओवर गावोगावच्या मित्रांचे आवाज एकदम बारीक झाले. मी गच्चीवर गेली. अँटेनाच्या दोन तारा आणि खाली येणारी केबल जिथे जुळतात, तिथली तुझी ती पाइपाची डबी तडकली होती. आत पाणी! तारांचा आणि केबलचा मेळ घालणारं बालून गेलं होतं. पण काळ्या रिंगवरचे तुझे वेढे तसेच होते गं. तांब्याच्या दोन तारा शेजारी-शेजारी, कुठेच एक दुसरीवर चढलेली नाही. फेकवेनाच.

दुपारी पोळ्या झाल्या की तू तारेचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधून बसायची. शेजारच्या भाभी विचारायच्या, "दीदी, बलून बना रही हो? किसका बर्थडे है?" किती हसायची तू!

मला बोलवायची, "ये ना, दहा वेढे तर आहेत." मी मोबाईलमधून मान वर केली नाही. काहून नाही आली मी?

आणि तू? बाबांचे मित्र रेडिओवर विचारायचे, "बालून कोणी बनवलं?" बाबा म्हणायचे, "घरीच बनवलं." घरी! घराला हात असतात का? मी चिडली, तर तू म्हणालीस, "जाऊ दे. सगळ्यांना ऐकू येते ना? झालं तर." असं कसं झालं, आई?

बाबा नवीन गुंडाळायला बसले. तिसऱ्या वेढ्यालाच तार सुटली. पुन्हा केलं, पुन्हा सुटली. रिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "मला नाही येत. कधी येतच नव्हतं." मग मी बसली. तारेवरचा मुलामा नीट खरवडला नाही म्हणून सोल्डरचा टाका धरेना. चौथ्यांदा जमलं.

आज सकाळी रेडिओवर बाबांचे मित्र, सिवनीचे काका म्हणाले, "भाऊ, आवाज मस्त येऊन राहिला! नवीन बालून?"

बाबांनी माइक दाबला. मग म्हणाले, "हे पोरीनं बनवलं. याच्या आधीची सगळी सुमननं बनवली. मी कधी सांगितलं नाही. चुकलं माझं."

तिकडून काकांनी विचारलं,

"मग माझ्या छतावरचं? ते पण वहिनींचंच?"

"हो."

"पाच वर्षं झाली, भाऊ. अजून चालून राहिलं."

बाबांनी सेट बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी चहा ठेवला, तो निवून गेला. हे सगळं ऐकायला तू हवी होतीस गं! आठच महिने उशीर झाला.

मी बाबांना विचारलं, आईची बालून कुठे-कुठे आहेत? त्यांनी बोटांवर मोजली. सिवनी, इटारसी, नागपूर, दोन बरगीकडे. तुला शब्द देते, आई, बाबांना सोबत घेऊन त्या सगळ्या गच्च्यांवर मी जाणार. प्रत्येक डबीला हात लावून येणार. उघडणार मात्र एकही नाही; तू बंद केलेलं तसंच चालू दे.

तुझीच,
पिंकी
अधारताल, जबलपूर