पाटीवरचं आडनाव

आदरणीय सर,

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही यातही लाल शाईनं दुरुस्त्या कराल.

तुम्ही मला ज्युनियर म्हणून घेतलंत, तेव्हा आमच्या समाजाचा एकही वकील त्या कोर्टात नव्हता. ते उपकार मी विसरणार नाही. पण मी स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, "पाटीवर आद्याक्षरंच टाक. आडनाव वाचून अशील जिन्यावरूनच परत फिरतील." मी निमूट ऐकलं. चौदा वर्षं.

काल आमच्याच समाजातली एक मुलगी काम मागायला आली. अर्जावर ठसठशीत पूर्ण नाव. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं, "आधी हे आडनाव झाक."

ती म्हणाली, "मॅडम, एका निकालपत्रात तुमचं आडनाव वाचलं, म्हणून तर मी वकील झाले. दारावरची पाटी बघून वाटलं, पत्ता चुकला."

मला तिच्याकडे बघवेना, सर.

ती सोमवारपासून येतेय. आज पेंटर आलाय. अक्षरं केवढी काढू, विचारत होता. म्हटलं, पहिल्या पायरीवरून वाचता यायला हवीत. ज्यांना परत फिरायचंय त्यांनी खालूनच फिरावं, जिना चढायचे कष्ट तरी वाचतील.

तुमची ज्युनियर,
आता पूर्ण नावानं