पाठमोरं चित्र

बाबा,

आईला तुमचं तैलचित्र हवंय. फोटो नको, मी काढलेलं, हार घालता येईल असं. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच काही मागितलं म्हणून मी हो म्हटलं, आणि कॅनव्हाससमोर बसले तर डोळ्यांपुढे तुमची पाठच आली.

ठाकुर्लीच्या स्वयंपाकघरात तुम्ही खिडकीशी चित्र लावून बसायचात आणि मी मागे, पाटावर. गावातल्या घरांमधून वारलेल्या माणसांचे पासपोर्ट फोटो यायचे, तुम्ही त्यांची मोठी चित्रं करायचात. एक जण म्हणाला होता, "मास्तर, आज्याला जरा हसता करा. जल्मात कधी हसला नाय, आता तरी हसू दे." तुम्ही हसवलंत. मी एकदा चित्रातल्या एका म्हातारीच्या डोळ्यांत पाणी काढलं, ते मात्र तुम्ही टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून टाकलंत. "चेहऱ्याला कशाला त्रास देतेस? एकटी बसलीय ना ती? मग तिच्या बाजूची भिंत नीट रंगव." मला राग आला होता. ती सगळी सुट्टी मी भिंत रंगवण्यात घालवली. करडा, त्यात किंचित हिरवा, सुकला की परत वरून.

आता नौपाड्यात मुलांना चित्रकला शिकवते तेव्हा मीही तेच सांगते. तुमच्या बाजूची भिंतही तशीच केली. कुठला खांदा उतरता होता याची खात्री नव्हती, म्हणून आईला विचारलं, परत विचारलं. "उजवा गं," ती मेथी निवडत म्हणाली, "आणि मान एवढी ताठ नव्हती त्यांची." मान वाकवली. रंगवताना काही वाटेल म्हणून मध्ये मध्ये थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. हात चालत होता, एवढंच.

चित्र घरी आणलं. आईसमोर खुर्चीवर ठेवलं.

"हार काय पाठीला घालू? लोक म्हणतील, नवरा रुसून बसलाय."

"पाठच आठवते गं मला. ते कायम असेच तर बसायचे."

"मला काय सांगतेस? जेवायला हाक मारली तरी वळायचे नाहीत. ताट झाकून ठेवायचं आणि बसायचं बघत." तिने पदराने चित्राची कड पुसली. "चांगलं काढलंयस. पण पाठ मी जन्मभर बघितली. मला ते समोरून हवेत."

मग ती कुकर लावायला गेली. चित्र अजून खुर्चीवर आहे. तिथे कोणी बसत नाही.

तुमचा चेहरा मला जमत नाही, असं मी तिला सांगितलंय. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. मी करूनच पाहिलेलं नाही, बाबा. चेहरा नीट आठवत नाही, आणि जुना फोटो बाहेर काढून बघावा असंही वाटत नाही.